किल्ली आपल्या हाती

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या भागात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'कारभारी' म्हणून हाक मारायच्या. माझी आईही वडिलांना कारभारीच म्हणायची. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायचे. आई कधी चेष्टेत म्हणायची, "कसले कारभारी! रान मालकाचं, विहीर मालकाची, बैलसुद्धा मालकाचे. आपला आहे तो घाम तेवढा." वडील हसून म्हणायचे, "म्हणून तर कारभारी. नाहीतर मालकच म्हणाली असतीस."

पुढे मोठा झाल्यावर मराठी बायबलात हाच शब्द भेटला. दुसऱ्याच्या मालमत्तेची काळजी घेणारा आणि एके दिवशी तिचा हिशेब देणारा तो कारभारी. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात 'कारभारीपण' हा शब्द सारखा येतो. देवानं दिलेला पैसा, वेळ, शरीर, जमीन, पाणी, हे सगळं आपलं नाही, आपल्याकडे सोपवलेलं आहे, असा त्याचा अर्थ. ऐकायला शब्द सोपा आहे. मला तो कळायला एक्केचाळीस वर्षं लागली. कसा कळला, ते आज सांगणार आहे.

सुरुवात आईच्या डब्यापासून करतो. आई पीठ मळायला घेण्याआधी परातीतून एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकायची. तांदूळ असला तर तांदळाची मूठ. रविवारी तो डबा उपासनेला जायचा. जमलेलं धान्य पाळकसाहेब मंडळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटून द्यायचे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आईवडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोच्या भाकरी, मुलांना सुकडी. त्या दिवसांतही डबा बंद झाला नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "आई, आपल्यालाच पुरत नाही, आता कसली मूठ काढतेस?" ती म्हणाली, "मूठ लहान करीन, पण बंद नाही करणार. बंद केली तर सगळं पीठ माझंच आहे असं वाटायला लागेल."

तेव्हा मला तो बाईमाणसाचा भाबडेपणा वाटला होता.

पुढे मी एसटीत वाहक म्हणून लागलो. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली, त्यामुळे आम्हा नगरकरांना एसटीचं थोडं जास्तच अप्रूप. चौतीस वर्षं खांद्याला ती चामड्याची बॅग होती. वाहकाच्या बॅगेत दिवसभर पैसा खुळखुळत असतो आणि त्यातला रुपयाही त्याचा नसतो. संध्याकाळी आगारात तिकिटं आणि वेबिल जुळवून रक्कम भरायची. कमी भरली तर खिशातून घालायची. वाटेत कुठेही तपासणीचं पथक गाडीला हात करी. त्यामुळे माझा हिशेब नेहमी चोख असे आणि मला त्याचा अभिमानही होता. मंडळीतल्या लोकांनी हे पाहिलं आणि मला खजिनदार केलं. "रोज दुसऱ्याचा पैसा सांभाळणारा माणूस," असं पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

माझ्या खजिनदारीवर मात्र तपासणीचं पथक नव्हतं. फक्त एक लोखंडी पेटी आणि तिची किल्ली.

1996 सालची गोष्ट. आमच्याकडे पिकं निघाल्यावर हंगामाचा सण करतात. जो तो आपल्या कष्टाचं काहीतरी आणतो. बाजरीचं पोतं, कांदे, कोंबडी, विणलेला रुमाल. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि रक्कम मदतनिधीत जाते. या लिलावाची एक गंमत असते. कुणीतरी भोपळा घेतो, पैसे देतो आणि भोपळा पुन्हा लिलावाला ठेवतो. एकच भोपळा चारचारदा विकला जातो. त्या वर्षी एका विधवा आजीनं चार अंडी आणली होती. तीसुद्धा अशीच तीनदा विकली गेली. सगळी मिळून 3,860 रुपये जमा झाले. मी रक्कम मोजली, वहीत लिहिली आणि पेटीत ठेवली.

सोमवारी मला मुक्कामाच्या गाडीची ड्यूटी होती. बँकेत जाणं राहिलं. मंगळवारी परतलो तर मुलीच्या डिप्लोमाच्या फीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि बाराशे रुपये कमी पडत होते. पगार सात तारखेला, म्हणजे पाच दिवसांनी. पेटी समोर होती. मी स्वतःला म्हटलं, ही चोरी नाही. पाच दिवसांत परत ठेवायचे. कुणाचं काय नुकसान? किल्ली फिरवली, बाराशे काढले. वहीत काही लिहिलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. श्रोतेहो, यातली सगळ्यात मोठी चूक पैसे काढण्याची नव्हती. न लिहिण्याची होती.

गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास पाळकसाहेब सायकलवरून आले. मंडळीतल्या एका मजुराची बायको बाळंतपणात अडली होती. तिला पुण्याला हलवायचं ठरलं होतं. जीप, दवाखान्याची अनामत, सगळं मिळून साडेतीन हजार तरी हातात हवे होते. "मदतनिधीतले पैसे काढा, वेळ नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, पैसे कालच बँकेत भरले."

इतक्या सहज बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पाळकसाहेबांनी क्षणभर पाहिलं, "बरं, दुसरीकडे बघतो," म्हणाले आणि अंधारात निघून गेले. बायको दारात उभी होती. तिनं बँकेचं पासबुक फळीवर पाहिलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "किल्ली तुमच्या हाती आहे. पैसे तुमचे नाहीत."

मी शेजारी गेलो. शेजारी माळकरी कुटुंब. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही आप्पा म्हणायचो. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही. मी त्यांच्याकडे बाराशे रुपये मागितले. त्यांनी कारण विचारलं. खोटं बोलायचं बळ आता उरलं नव्हतं. खरं ते सांगितलं.

आप्पा उठले. त्यांच्या फळीवर दोन डबे होते. एका डब्यात दिंडीच्या वर्गणीचे पैसे असत, कारण दिंडीचा जमाखर्च त्यांच्याकडेच असे. दुसरा डबा घरचा. दिंडीचा डबा पुढे होता आणि जडही होता. आप्पांनी तो हातानं बाजूला सारला आणि मागचा घरचा डबा काढला. त्यात सातशे निघाले. उरलेले पाचशे त्यांनी घरात जाऊन बायकोच्या लुगड्याच्या घडीतून मागून आणले. दिंडीच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. मला एका शब्दानं उपदेश केला नाही. फक्त निघताना म्हणाले, "दादा, पैसे नेताय तसं खरंही घेऊन जा. साहेबांना सांगा."

मी सगळे 3,860 रुपये घेऊन धावलो. पाळकसाहेब त्या मजुराच्या घरासमोर उभे होते. त्यांच्या हातात पैसे दिले आणि तिथंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी गाडी निघू दे." जीप निघाली. बाई वाचली, मूलही वाचलं. पण गाडी एक तास उशिरा निघाली होती. त्या तासात काहीही होऊ शकलं असतं. तो एक तास आजही माझ्या नावावर आहे, आणि तो कुठल्याही पगारातून भरता येत नाही.

रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि बाराशे रुपयांची हकिकत सांगितली. मंडळीनं मला क्षमा केली आणि खजिनदारी काढून घेतली. दोन्ही गोष्टी बरोबरच होत्या. क्षमा झाली म्हणजे किल्ली परत मिळते असं नाही. तेव्हापासून पेटीला दोन कुलपं लागली आणि दोन किल्ल्या दोन घरी राहू लागल्या. आज आमच्या उपासना मंदिरात दानपेटीशेजारी क्यूआर कोड लावलेला आहे, तरी महिन्याचा हिशेब दोघांच्या सहीनंच फळ्यावर लागतो.

आता प्रभू येशूचा एक दाखला सांगतो. तो ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकवला जातो. परगावी जाणारा मालक तीन चाकरांकडे पैसा सोपवतो. एकाला पाच तलांत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तलांत म्हणजे काही फुटकळ नाणं नव्हे. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार होती आणि तलांतात सुमारे सहा हजार दिनार असत. वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले तर एक तलांत म्हणजे वीस वर्षांची मजुरी झाली. पहिले दोघं पैसा कामाला लावतात आणि दुप्पट करतात. तिसरा भिऊन तो जमिनीत पुरून ठेवतो आणि मालक आल्यावर जसाच्या तसा परत देतो. मालक रागावतो तो या तिसऱ्यावर.

वाहक म्हणून मला हा दाखला फार दिवस पटत नव्हता. त्यानं अफरातफर केली नव्हती, पै न पै परत केली होती. आमच्या आगाराच्या हिशेबानं तो निर्दोष होता. पुढे समजलं की कारभाऱ्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक म्हणजे त्यानं खाऊ नये. दुसरी म्हणजे त्यानं पुरूनही ठेवू नये. मी पहिल्या परीक्षेत नापास झालो. आपल्यातले पुष्कळ सज्जन लोक दुसरीत नापास होतात. कला आहे, शिक्षण आहे, निवृत्तीनंतरचा वेळ आहे, पण सगळं नीट पुरून ठेवलेलं.

न पुरता वापरणं म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1858 साली जन्मलेल्या या बाईंना आईवडिलांनी संस्कृत शिकवलं. कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एवढ्या विद्वत्तेवर त्यांना आयुष्यभर मान मिळवता आला असता. त्यांनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. आणि तीच विद्वत्ता कामी लावून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणलं. साध्या बाईला समजावं अशी भाषा त्यांनी मुद्दाम वापरली. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. मला वाटतं, पाच तलांतांचा हिशेब याला म्हणतात.

आता थोडं सुवार्तेविषयी बोलतो. आपला विश्वास दुसऱ्याला सांगणं हा ख्रिस्ती शिष्याच्या कर्तव्याचा भाग आहे. पण हा विषय निघाला की शेजाऱ्यांच्या कपाळावर आठी येते, हे मला माहीत आहे. आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम प्रत्येकाला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये हेही सांगितलं आहे की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायद्याचं राहू द्या, माझ्या श्रद्धेलाही हेच पटतं. जे आमिषानं किंवा दडपणानं दिलं जातं, त्याला सुवार्ता म्हणजे चांगली बातमी म्हणताच येणार नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची कथा मराठी वाचकांना ठाऊक आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. दोघांच्या गप्पा काव्यावर रंगल्या आणि उतरताना त्यानं टिळकांना 'नवा करार' भेट दिला.  टिळकांनी ते पुस्तक वाचलं, त्याच्याशी झगडले आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मी आयुष्यभर प्रवाशांमध्ये वावरलो, म्हणून मला तो सहप्रवासी फार जवळचा वाटतो. त्यानं पुस्तक दिलं आणि तो निघून गेला. हिशेब मागायला थांबला नाही.

आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार करत करत सोवळंओवळं सोडलं आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की एका घरात, एका चुलीवरसुद्धा श्रद्धा लादता येत नाही. टिळकांनी स्वतः तुकारामांशी असलेलं नातं कधी तोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

माझं विचाराल तर मी तरुणपणी जत्रेत पुष्कळ पत्रकं वाटली. शेजारी राहायला गेलो त्या वर्षी आप्पांनाही लूककृत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका दिली होती. त्यांनी ती कपाळाला लावून फळीवर ठेवली आणि पुढे कधी उघडली नाही. मीही कधी विचारलं नाही. बाराशे रुपयांची हकिकत गल्लीभर झाल्यावर मात्र एका संध्याकाळी आप्पा ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "दादा, तुमच्या देवळात असं उभं राहून आपली चूक सांगायची रीत आहे का?"

मी म्हणालो, "रीत म्हणाल तर नाही. शिकवण आहे."

"मग बघू तरी त्यात काय लिहिलंय," म्हणून त्यांनी ती पुस्तिका फळीवरून काढली. माझ्या चांगल्या वागणुकीनं जे झालं नव्हतं ते माझ्या कबुलीनं झालं, याची मला लाजही वाटते आणि आनंदही वाटतो.

आप्पा पेन्सिल घेऊन वाचत. अडलं की भांडायला येत. सोळाव्या अध्यायात एका लबाड कारभाऱ्याचा दाखला आहे. नोकरी जाणार असं कळताच तो मालकाच्या कुळांची खतं बदलून देतो. शंभर मापं तेल असेल तिथं पन्नास लिहायला लावतो, शंभर मापं गहू असेल तिथं ऐंशी. आणि मालक त्याच्या हुशारीची तारीफ करतो! आप्पा खवळले. म्हणाले, "आमच्या तुकोबांनीपण कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. पण भावाचा वाटा भावाला देऊन, आपल्या वाट्याची. ह्यानं मालकाची बुडवली. फरक आहे की नाही?"

मी म्हणालो, "फरक आहे. आणि मी कुणाच्या बाजूला होतो ते तुम्हाला माहीत आहे."

आप्पा हसले. मग मी मला सुचलं ते सांगितलं. येशू लबाडीची तारीफ करत नाही. हिशेबाचा दिवस जवळ आला हे ओळखून तो माणूस जागा झाला, एवढंच त्यातून घ्यायचं. आप्पांना ते अर्धंच पटलं. अर्धं अजूनही मला पटायचं आहे.

आप्पा ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत वारी करत राहिले. पंढरपूरहून येताना माझ्यासाठी चुरमुरे आणि मुलांना पेढे आणत. नाताळला माझ्या घरी फराळाला येत. त्यांच्या अंत्ययात्रेला मी खांदा दिला. मी त्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचवली का? माहीत नाही. पण फळीवरच्या त्या दोन डब्यांतून त्यांनी मला कारभारीपण शिकवलं, एवढं नक्की माहीत आहे. शिष्य व्हायचं म्हणजे शिकायचं, आणि शिकवणारा कुठल्या दारातून येईल हे आपण ठरवत नसतो.

गांधीजींनीही विश्वस्ताची कल्पना मांडली. श्रीमंतानं संपत्तीचा मालक न राहता विश्वस्त व्हावं, असं ते म्हणत. मला वाटतं, ही गोष्ट श्रीमंतापुरती नाही. ज्याच्याकडे बॅगभर दुसऱ्याचा पैसा आहे, सोसायटीचा जमाखर्च आहे, गणेश मंडळाची वर्गणी आहे, शाळेचा पोषण आहार आहे, दोन एकराला पाणी देणारी बोअर आहे, तो प्रत्येक जण विश्वस्त आहे. आमच्या दुष्काळी तालुक्यात तर ज्याच्या बोअरला पाणी आहे त्याच्याकडे खाली वाहणारं सगळ्या गावाचं पाणी आहे.

निवृत्त झाल्यावर मी एक वही केली. रोज रात्री तीन ओळी लिहितो. आज दुसऱ्याचं काय माझ्या हातात होतं? त्यातलं मी काय वापरलं? कुणाला सांगायचं राहिलं? तिसरी ओळ सगळ्यात अवघड जाते. एखाद्या दिवशी ती कोरी राहिली की बरं वाटतं, आणि थोडी शंकाही येते.

आईचा तो डबा आता माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात धान्य कमी आणि नाणी जास्त पडतात. पण पीठ मळायला घेताना तिचा हात डब्याकडे जातो. परवा माझ्या नातीनं तिला विचारलं, "आई, हे कुणाचं?" सून म्हणाली, "आपलं नाही. म्हणून वेगळं ठेवायचं."

मला वाटतं, सगळं कारभारीपण त्या उत्तरात आलं.